सर, राजीनाम्याआधी ते कपाट उघडा

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून निवृत्त चित्रकला शिक्षकांचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका, अशी त्यांची विनंती आहे. पत्र चार पानी आहे, त्यातला मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत देते.

'आमच्या गावात चित्रकारांचं एक मंडळ आहे. मी नोकरीला लागलो त्या वर्षापासून, म्हणजे ३४ वर्षं, त्याचा सभासद आहे. त्यातली १९ वर्षं कार्यवाह होतो. दर दिवाळीनंतर वाचनालयाच्या हॉलमध्ये आमचं प्रदर्शन भरतं. हॉल ठरवण्यापासून पॅनलला खिळे मारण्यापर्यंत सगळं मी केलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी तरुण मुलांची कार्यकारिणी आली. अध्यक्ष माझाच विद्यार्थी, त्याला एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मीच बसवलं. यंदा त्यांनी बाहेरगावच्या तीन चित्रकारांची निवड समिती नेमली. पूर्वी प्रत्येक सभासदाची दोन चित्रं लागायचीच. समितीनं माझी दोन्ही जलरंगचित्रं नाकारली, एक घाटाचं आणि एक आठवडी बाजाराचं. दोन्ही माझी जुनी, नावाजलेली चित्रं. अलीकडे प्रदर्शनाच्या व्यापात नवीन काही झालं नाही. निरोप व्हॉट्सॲपवर आला : "आपल्या कलाकृतीची निवड होऊ शकली नाही. सहभागाबद्दल धन्यवाद." त्याच रात्री मी ग्रुप सोडला. उद्घाटनालाही गेलो नाही.

मंडळाचं लोखंडी कपाट माझ्या घरी आहे. त्यात इतिवृत्ताच्या वह्या, पावतीपुस्तकं, फोटोंचे अल्बम आणि पन्नासेक चित्रं आहेत. बरीचशी आमच्या संस्थापकांची. ते मला मोठ्या भावासारखे होते, त्यांना जाऊन १२ वर्षं झाली. पुढच्या वर्षी मंडळाला ५० वर्षं होतात. मुलांना त्या चित्रांची दिनदर्शिका काढायची आहे, म्हणून कपाट मागतायत. एक मित्र म्हणतो, देऊ नका, आपण वेगळं मंडळ काढू. सौ. म्हणते, देऊन टाका आणि मोकळे व्हा. मला हार-तुरे नकोत. राजीनामा द्यावा का आणि कपाट द्यावं का, तेवढं सांगा.'

नमस्कार सर,

राजीनामा देऊ नका, आणि कपाट द्या. विचारलेल्या दोन प्रश्नांची माझी उत्तरं एवढीच. मात्र कपाट कसं द्यायचं आणि मंडळात राहायचं ते कशासाठी, हे त्याहून मोठे प्रश्न आहेत. त्यांचं मूळ तुमच्या पत्रातल्या एका छोट्या वाक्यात आहे. तिथे येतेच.

आधी त्या निरोपाबद्दल. तो वाचून मलाही राग आला. ज्या माणसानं १९ वर्षं मंडळाचा पत्रव्यवहार सांभाळला, देणगीसाठी बाजारपेठेतल्या दुकानांच्या पायऱ्या झिजवल्या, त्याला असं छापील वाक्य फोनवर यावं, हे बरोबर नाही. अध्यक्ष त्याच गावात राहतो. संध्याकाळी घरी येऊन 'सर, समितीनं असं ठरवलंय' एवढं सांगायला त्याला किती वेळ लागला असता? निर्णय बाहेरच्यांचा असला, तरी निरोप घरच्या माणसानं द्यायचा असतो. हे त्याला समोर बसवून सांगा. मला वाटतं, तो उद्धट नसेल, घाबरला असेल. ज्या सरांनी पेन्सिल धरायला शिकवलं त्यांना तोंडावर 'नाही' म्हणायचा धीर झाला नसेल, म्हणून तो त्या छापील वाक्याच्या आड लपला असेल. त्याच्या हातून चूक झाली आहे आणि ती दाखवण्याचा अधिकार गावात तुमच्याइतका कुणालाच नाही.

पण निरोप देण्याची रीत चुकली म्हणून निवडही चुकली, असं म्हणता येत नाही. इथे मला तुमच्या बाजूनं बोलता येणार नाही.

बॉम्बे आर्ट सोसायटी ही मुंबईची चित्रकारांची संस्था १८८८ साली सुरू झाली. तिच्या वार्षिक प्रदर्शनांना जे वजन आलं ते निवडीमुळे आणि पदकांमुळे. १८९५ मध्ये तिथलं सुवर्णपदक चित्रकार म. वि. धुरंधरांना मिळालं, १९३७ मध्ये अमृता शेरगिल यांना. हे तुम्ही वर्गात मुलांना सांगितलंच असेल. चित्रं परत येत नसती, तर त्या पदकांना कुणी विचारलं असतं?

नाकारलं जाणं म्हणजे काय आणि त्यानंतर काय करायचं, हे चित्रकार कृष्णाजी हौळाजी आरा यांच्याकडे पाहिलं की कळतं. १९१४ साली हैदराबादजवळच्या बोलारमला जन्म, लहानपणीच घर सोडून मुंबईला आले. गाड्या पुसल्या, लोकांच्या घरी नोकरी केली, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. कलाशाळेचा शिक्का नाही. १९४२ मध्ये चेतना रेस्टॉरंटमध्ये पहिलं एकल प्रदर्शन झालं, १९४४ मध्ये चित्राला गव्हर्नरांचं पारितोषिक मिळालं. आणि मग १९४७ साली, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीवर त्यांनी केलेलं मोठं चित्र बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनातून परत आलं, असं सांगतात. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या मुंबईतल्या नव्या वळणाच्या कलावंतांच्या गटाच्या जन्माची हकीकत सांगताना या नकाराचा उल्लेख हमखास येतो. सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे आणि आरा, असे त्याचे ते सहा संस्थापक.

तुमचे मित्र हे वाचून म्हणतील, बघा, त्यांनी वेगळा ग्रुप काढलाच ना! काढला. पण पुढचं ऐका. १९५२ साली याच बॉम्बे आर्ट सोसायटीनं आरांना 'टू जग्ज' या चित्रासाठी सुवर्णपदक दिलं. तेच आरा पुढे सोसायटीच्या कार्यकारिणीवर बसले, ललित कला अकादमीच्या निवड समित्यांवर बसले आणि मुंबईच्या आर्टिस्ट्स सेंटरचे सचिव झाले. कितीतरी नवख्या चित्रकारांना त्यांनी हात दिला. त्यांनी संस्थेचं काम तुमच्याइतकंच केलं, सर. फुलदाण्या, फुलं, मानवाकृती हे त्यांचं रंगवणंही त्याबरोबर चालू राहिलं.

आता तुमचं ते वाक्य. 'अलीकडे प्रदर्शनाच्या व्यापात नवीन काही झालं नाही.' चार पानांत हे एकच वाक्य तुम्ही घाईनं लिहून पुढे गेलात. बाकी सगळं सविस्तर आहे. निवड समितीत कोण होतं, निरोप किती वाजता आला, अध्यक्षाच्या कोणत्या परीक्षेला तुम्ही किती मेहनत घेतलीत, सगळं. फक्त रंगवणं कधी थांबलं, ते नाही. शेवटचा कागद कधी ताणून लावला होतात? दोन वर्षांपूर्वी की दहा?

कार्यवाहपद गेलं तोवर हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं, तुमच्याही नसेल. कारण मंडळात तुम्ही होताच. खुर्च्या मांडणं होतं, पाहुण्यांना स्टँडवरून आणणं होतं, चित्रांखालच्या चिठ्ठ्या लिहिणं होतं. पद गेलं आणि उरलं ते चित्रकार असणं. ते दाखवायला तुम्ही जुनी चित्रं काढलीत, आणि नेमकी ती परत आली. लागलंय ते इथे. तुमच्या दुःखाचा मोठा वाटा त्या समितीचा नाही, असं मला मनापासून वाटतं. ऐकायला कठीण आहे, पण तुम्ही आयुष्यभर मुलांच्या कागदावर लाल पेन्सिलीनं खुणा केल्यात, तुम्हाला गोड बोलून काय देणार?

त्या समितीनं काय पाहिलं असेल, याचाही विचार करा. त्यांना १९ वर्षांचं कार्यवाहपद माहीत नव्हतं. त्यांच्यापुढे दोन कागद होते. घाटाचं चित्र फ्रेममधून काढून उजेडात बघा. माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, आतल्या कडेला तपकिरी रेघ उमटली आहे का? संध्याकाळच्या सावल्यांचा जांभळा तुम्ही अलिझरिन क्रिमसनचा लाल आणि अल्ट्रामरीनचा निळा मिसळून केला असेल, तर तो अजून जांभळा आहे का? अलिझरिन उजेडात उडतो आणि अल्ट्रामरीन टिकतो. ज्या भिंतीवर ते चित्र इतकी वर्षं आहे तिथे ऊन येत असेल, तर तुम्ही केलेली संध्याकाळ आता नुसती निळी-राखाडी झाली असेल. तुमच्या डोळ्यांना ती अजून जांभळी दिसते, कारण ती कशी होती हे तुम्हाला आठवतं. परगावच्या माणसाला कागदावर आहे तेवढंच दिसतं.

आणि बाजार. गेल्या कित्येक वर्षांत तुमच्या गावचा आठवडी बाजार बदलला असणार. माझ्याकडच्या बाजारात आता जिकडेतिकडे निळ्या आणि पिवळ्या प्लॅस्टिकच्या ताडपत्र्या दिसतात. दुपारी बारा वाजता त्या निळ्या ताडपत्रीखाली टोमॅटोच्या ढिगाचा रंग काय होतो, ते एकदा बघाच. भाजीवालीच्या चेहऱ्यावर, तिच्या पांढऱ्या पोत्यावर, तराजूच्या पारड्यात, सगळीकडे तो निळा उतरलेला असतो, आणि मधूनच फाटक्या जागेतून उन्हाचा एक पट्टा. जलरंगात हे साधणं सोपं नाही, म्हणून तर करण्यासारखं आहे. तुमच्या जुन्या चित्रात हे नसणार, कारण तेव्हा ते नव्हतंच.

घाटासाठीही लांब जायला नको. वाई, मेणवली तुमच्या जिल्ह्यातच. मेणवलीचा घाट इतक्यांनी रंगवलाय की तिथे बसायचा संकोच वाटतो, हे खरं. तरी पहाटे जाऊन बसा. दगडाच्या ओल्या पायऱ्यांवरचा तो पहिला पिवळा उजेड तुमच्या ब्रशनं कसा उतरतो, एवढंच बघायचं. पुढच्या प्रदर्शनासाठी म्हणून नको. आधी हात सुटू द्या. सुरुवातीचे कागद वाईट निघतील, ते कुणाला दाखवू नका आणि फाडूही नका.

शक्य झालं तर रविवारच्या आउटडोअरची जुनी पद्धत पुन्हा सुरू करा. ठराव नको, वर्गणी नको. 'रविवारी सात वाजता मी अमुक ठिकाणी रंगवायला बसणार आहे, ज्याला यायचं त्यानं यावं' एवढाच निरोप. कोण आलं, कोण नाही, याची वही ठेवू नका, ती सवय आता सोडा. एखादा आठवी-नववीतला मुलगा येऊन शेजारी बसेल आणि आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, ओला असताना झाडं कशी ओढता ते बघेल. त्या मुलाला तुमचं पद माहीत असायची गरज नाही.

आता कपाट. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण असे घरोघरचे संग्रह वाया जाताना पाहिले की जीव तुटतो.

तुमच्या मित्राला आधी हे स्पष्ट सांगा, की त्या कपाटातलं जे मंडळाचं आहे ते मंडळाचंच आहे. तुमच्या घरी आहे, तुम्ही जपलंत, पावसाळ्यात जागा बदलत राहिलात, हे सगळं खरं, पण मालकी बदलत नाही. मंडळ संस्था म्हणून नोंदलेलं असेल, तर महाराष्ट्रात ते सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेच्या कायद्याखालीही येतं. त्या कायद्यात संस्थेनं आपल्या स्थावर-जंगम मालमत्तेची नोंदवही ठेवावी असं सांगितलेलं आहे. चित्रं ही जंगम मालमत्ता. भांडणात ती अडवून ठेवलीत तर उद्या कुणीतरी धर्मादाय कार्यालयात तुमच्याविरुद्ध अर्ज करेल, आणि ३४ वर्षांच्या कामावर तेवढा एक डाग राहील. तसं होऊ देऊ नका.

तिथेच आणखी एक गोष्ट तपासा. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज, म्हणजे ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात तो, द्यावा लागतो. नवी कार्यकारिणी येऊन दोन वर्षं झाली. तो दिला गेला आहे का? कितीतरी लहान संस्थांत तो राहून जातो आणि सरकारी नोंदीत जुनीच नावं राहतात. तुमचं नाव अजून त्या नोंदीत, म्हणजे शेड्यूल १ वर, असेल, तर जबाबदारीचं पत्रही तुमच्याच नावानं येईल. मुलांना कदाचित हे माहीतही नसेल. तुम्हाला माहीत आहे. सांगा त्यांना.

पण 'कपाट द्या' म्हणजे टेम्पो बोलावून रिकामं करून द्या, असं नाही. सौ. म्हणतात त्यातलं 'द्या' बरोबर आहे, 'मोकळे व्हा' इतक्यात नको. त्या पन्नासेक चित्रांबद्दल जे तुमच्या डोक्यात आहे ते कागदावर उतरलं नाही, तर मुलांच्या हाती नुसते कागद जातील. कोणतं चित्र कुणाचं, कोणत्या वर्षीचं, कुठे बसून केलेलं, मंडळाकडे कसं आलं, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार?

म्हणून अध्यक्षाला सांगा, 'कार्यकारिणीतल्या दोघांना चार-पाच दुपारी माझ्याकडे पाठव.' पावसाळ्यात नको, हवा कोरडी असताना. एकेक चित्र बाहेर काढायचं, पुढून आणि मागून फोटो घ्यायचा, क्रमांक द्यायचा आणि नोंदवहीत लिहायचं. चित्रकार, विषय, साल, माध्यम, लांबी-रुंदी, आजची अवस्था, आणि मिळालं कसं. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. एखादं चित्र संस्थापकांनी मंडळाला भेट दिलेलं असेल. एखादं प्रदर्शनानंतर न्यायचं राहून गेलं म्हणून पडून असेल, ते आजही त्या चित्रकाराचं किंवा त्याच्या वारसांचं. आणि एखादं संस्थापकांनी तुमच्याच हातात दिलं असेल, 'हे तुला' म्हणून. ते तुमचं आहे, बाजूला काढा, आणि बाजूला काढताना त्या दोन मुलांसमोर काढा. कोणतं कशात मोडतं हे ठरवायला इतिवृत्ताच्या वह्या तुमच्याजवळच आहेत. भेटीचा ठराव झाला असेल तर तिथे सापडेल. जिथे काहीच सापडत नाही, तिथे तसंच लिहा.

फ्रेमचा मागचा पुठ्ठा फ्रेमवाल्याला फेकू देऊ नका. त्यावर जुन्या प्रदर्शनाची चिठ्ठी चिकटलेली असते, किंमत लिहिलेली असते, कधी चित्रकाराच्या हातची एक ओळ असते. चित्राच्या जन्माचा दाखला तोच. चित्राची काच थेट कागदाला टेकलेली असेल तर मध्ये माउंट घालून घ्या, नाहीतर दमट हवेत कागद काचेला चिकटतो आणि बुरशी धरतो. बिनफ्रेमची चित्रं गुंडाळून ठेवू नका, आडवी ठेवा. आणि कुणी कितीही म्हटलं, तरी लॅमिनेट करू देऊ नका किंवा फेविकॉलनं प्लायवर चिकटवू देऊ नका. टिकाऊ होईल म्हणून लोक हौसेनं करतात, आणि मग तो कागद पुन्हा कधी मोकळा होत नाही. अल्बममधल्या फोटोंवर नावं लिहायची तर मागच्या बाजूला, मऊ पेन्सिलीनं. बॉलपेन पुढे उमटतं. एखाद्या मुलाला फोनवर रेकॉर्डिंग लावायला सांगा आणि फोटो बघत बोलत राहा.

दिनदर्शिकेबद्दल तर मुलांना तुमची गरज आहेच, फक्त त्यांना ते अजून कळलेलं नाही. चित्र मंडळाच्या मालकीचं असलं म्हणून ते छापायचा हक्क मंडळाला आपोआप मिळत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो हक्क चित्रकाराचा, आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं वारसांचा, त्यानं लेखी दुसऱ्याला दिला नसेल तर. तुमच्या संस्थापकांना जाऊन १२ वर्षं झाली. म्हणजे त्यांच्या मुलाबाळांची लेखी परवानगी हवी. तो फोन तुम्ही करायचा. त्या घरात तुम्हाला नावानं ओळखतात, नव्या अध्यक्षाला कदाचित नाही. परवानगी मिळाली की प्रत्येक चित्राखाली नाव, साल, माध्यम आणि मूळ आकार छापायला सांगा, आणि छपाईआधी रंगांचं प्रूफ मूळ चित्राशेजारी धरून तुम्ही स्वतः पाहा. त्यांच्या हिरव्यात किती पिवळा असायचा, हे छापखान्यातल्या मुलाला कसं कळणार?

तुमच्याच जिल्ह्यात औंधला डोंगरावर तिथले संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली संग्रहालय उभं केलं. ते स्वतः चित्र काढणारे, रामायण चितारलेले. जमवलेल्या चित्रांसाठी त्यांनी नीट इमारत बांधली. १९३९ मध्ये तर संस्थानचा कारभारच घटना करून लोकांच्या हाती सोपवला. आज ते संग्रहालय राज्य सरकारकडे आहे आणि कुणीही तिकीट काढून रविवर्म्याचं चित्र बघू शकतो. पन्नास चित्रांच्या कपाटाला इमारत लागत नाही. पण वाचनालयात एक कोरडी खोली, सपाट खणांचं एक कपाट आणि दोन किल्ल्या, दोन वेगवेगळ्या माणसांकडे, एवढं मंडळाच्या पन्नासाव्या वर्षी नक्की होऊ शकतं. कपाट सोपवताना हे मागून घ्या. यादीच्या दोन प्रती करा, दोन्हींवर अध्यक्ष, कार्यवाह आणि तुमची सही घ्या, एक तुमच्याकडे ठेवा, आणि कपाट मिळाल्याची नोंद पुढच्या सभेच्या इतिवृत्तात करायला लावा.

वेगळ्या मंडळाबद्दल फार लिहीत नाही. तालुक्याच्या गावात हॉल एक, देणगीदार तेच, चित्रकार तेच वीस-पंचवीस. आरा आणि त्यांचे मित्र वेगळे झाले, कारण त्यांना वेगळं रंगवायचं होतं. तुम्हाला आणि तुमच्या मित्राला नवीन काय रंगवायचं आहे, याचं उत्तर असेल तर जरूर काढा. नुसत्या रागावर काढलेलं मंडळ तुम्हाला पुन्हा खुर्च्या मांडायला लावेल.

'हार-तुरे नकोत' असं तुम्ही लिहिलंत. शाल-श्रीफळ नको हे मी मानते. पण दखल हवी आहे, सर, आणि ती हवी असण्यात काही गैर नाही. ती मागा. पन्नास वर्षांच्या निमित्तानं मंडळाचा इतिहास लिहून निघणारच असेल, तर नवी कार्यकारिणी येण्याआधीच्या वर्षांचं प्रकरण मी लिहितो, असं सांगा. आणि अध्यक्षाला भेटाल तेव्हा आणखी एक सुचवा. निवडीचं प्रदर्शन राहू द्या, पण एक भिंत अशी ठेवा जिथे प्रत्येक सभासदाचं एक छोटं चित्र निवडीशिवाय लागेल. तुमच्यासारखे आणखी चार-पाच ज्येष्ठ आणि कितीतरी हौशी बायका-पोरं वर्षभर त्या एका दिवसाची वाट बघत असतात. निवड आली तसे ते मागे सरले असतील, आणि त्यांच्याकडे ग्रुप सोडण्याइतकाही आवाज नसेल. त्यांच्या बाजूनं तुम्ही बोला.

हा मुद्दा अध्यक्षाच्या कानावर घालून थांबू नका, सर्वसाधारण सभेत ठराव म्हणून मांडा. मंडळाची घटना काढून बघा, कपाटात असेलच. 'प्रत्येक सभासदाची दोन चित्रं' हे त्यात लिहिलेलं आहे की नुसती चालत आलेली पद्धत आहे? लिहिलेलं असेल, तर कार्यकारिणीला ते परस्पर बदलता येत नाही, सभेपुढे यावं लागतं. नुसती पद्धत असेल, तर त्यांनी नियमाबाहेर काही केलेलं नाही, हेही मान्य करा आणि ठराव मांडा. सूचक तुम्ही, अनुमोदक शक्यतो एखादा तरुण.

आणि सभेआधी तुमची वर्गणी भरलेली आहे का ते पाहा. आजीव सभासद असाल तर प्रश्न नाही. वार्षिक असाल आणि रागाच्या भरात यंदाची राहून गेली असेल, तर लगेच भरा. संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे तीन महिन्यांहून जास्त थकबाकी असलेल्या सभासदाला मत देता येत नाही. पावती नव्या खजिनदाराकडून घ्या, आणि जुनी पावतीपुस्तकंही त्याच वेळी त्याच्या हवाली करा.